प्रथमच पारपत्र काढताना : वैद्य व औषधनिर्मात्यांसाठी काही सूचना

यवतमाळ जिल्ह्यातील वैद्यवर्गाला परदेशगमनाचे प्रसंग आता नवलाचे राहिलेले नाहीत. कुणाची कन्या मस्कतला बाळंत व्हायची असते, कुणाचा मुलगा जर्मनीत नोकरीस लागलेला असतो, कुणाला पंचकर्माच्या प्रशिक्षणवर्गाचे निमंत्रण येते, तर एखाद्या औषधनिर्मात्याला दुबईच्या प्रदर्शनात आपली उत्पादने मांडावयाची असतात. तारखा ठरतात, घरात आनंदीआनंद होतो, आणि मग लक्षात येते की पारपत्र, म्हणजेच आपल्या रोजच्या बोलण्यातला पासपोर्ट, अद्याप काढलेलाच नाही. वीस-वीस वर्षे दवाखाना चालविणाऱ्या अनेक सहकाऱ्यांची हीच स्थिती आहे. काही वर्षांपूर्वी माझीही होती.

२०१८ साली मला तीन आठवड्यांच्या एका अध्यापनवर्गाचे निमंत्रण आले होते. हाती चार महिने होते, तेव्हा वेळ भरपूर आहे अशा समजुतीने मी घाईघाईत अर्ज भरून टाकला. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव ‘विठ्ठलराव’, बी.ए.एम.एस.च्या पदवीवर नुसतेच ‘विठ्ठल’ आणि तेही एका ‘टी’ने, परिषदेच्या नोंदणीत दोन ‘टी’, आणि आधारपत्रावर तर माझे नाव व आडनाव यांचीच अदलाबदल झालेली! अधिकाऱ्यांनी हरकत घेतली ती अगदी योग्य होती. त्यात भर म्हणजे अर्जावर मी मूळ गावचा पत्ता दिला होता, आणि राहत होतो दवाखान्याच्या गावी. पोलीस कर्मचारी चौकशीस आले तेव्हा घराला कुलूप. ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ असा अहवाल गेला. सर्व दुरुस्त होऊन पासपोर्ट हाती पडला, तोवर तो वर्ग संपून दोन महिने उलटले होते. दोष संपूर्णतया माझाच होता. त्यानंतर परिचयातील अनेकांचे अर्ज भरताना मी शेजारी बसलो आहे, आणि पुन्हापुन्हा तेच अनुभवास येते. स्नेहन-स्वेदनाविना दिलेले शोधन जसे अंगावर उलटते, तसा पूर्वकर्माविना भरलेला अर्जही उलटतो. म्हणून या लेखात पूर्वकर्मावरच अधिक भर दिला आहे. प्रत्यक्ष अर्ज भरणे हा त्यामानाने सोपा भाग आहे.

थोडी पूर्वपीठिका

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ आजच्या अर्थाने पासपोर्ट नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. हिंदुस्थानात पासपोर्टची सक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात आली, व १९२० च्या कायद्याने ती कायम झाली. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे पासपोर्ट देणे अथवा नाकारणे ही सरकारच्या मर्जीतील बाब मानली जाई. १९६७ साली सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला. त्याच वर्षी २४ जून रोजी पासपोर्ट अधिनियम अस्तित्वात आला. पुढे १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात, पासपोर्ट काढून घ्यावयाचा असेल तर संबंधिताला आपली बाजू मांडण्याची न्याय्य संधी दिलीच पाहिजे, हे तत्त्व पक्के झाले. सांगण्याचा हेतू एवढाच की, पासपोर्ट कार्यालयात आपण कृपेची याचना करण्यास जात नसतो. मात्र हक्क बजावावयाचा तर आपली बाजू कागदोपत्री निर्दोष असली पाहिजे.

पूर्वकर्म : नावाची एकवाक्यता

अर्जाला हात लावण्यापूर्वी एके रात्री दवाखाना बंद झाल्यावर घरातील सर्व कागद एका टेबलावर मांडावेत : शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पदवी, महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, बँकेचे पासबुक, वाहन परवाना. एका कोऱ्या कागदावर प्रत्येकातील नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख व पत्ता जसेच्या तसे, इंग्रजी अक्षरांसह, उतरून घ्यावेत. बहुतेकांना या तक्त्यात स्वतःचीच तीन-चार रूपे आढळतात.

याची कारणे आपल्याकडे परंपरागत आहेत. माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कागदांवर आडनाव आधी येते, पॅनवर ते शेवटी येते. वडिलांच्या नावापुढील ‘राव’, ‘जी’, ‘सिंग’ कधी लागतो, कधी गळतो. आडनावात ‘व’ असेल तर कुणी ‘व्ही’ लिहितो, कुणी ‘डब्ल्यू’. दीर्घ ‘ऊ’साठी एकाने ‘यू’ वापरला तर दुसऱ्याने ‘डबल ओ’. गावाचीही तीच कथा. जुन्या इंग्रजी कागदांत आपला जिल्हा ‘वाय-ई-ओ’ने सुरू होतो, नव्यात ‘वाय-ए-व्ही’ने. जिल्ह्याच्या नावातील हा फरक सर्वांना ठाऊक असल्याने त्याची कुणी फारशी दखल घेत नाही, पण व्यक्तीच्या नावाबाबत तशी सूट मिळत नाही.

आता यांतील कोणते रूप प्रमाण मानावे? माझे स्पष्ट मत असे की, व्यवसायबंधूंनी पदवी आणि परिषदेची नोंदणी यांवरील नाव प्रमाण मानावे, व इतर कागद त्याला जुळवून घ्यावेत. आधार आणि पॅन यांतील दुरुस्ती तुलनेने सुलभ आहे, विद्यापीठाच्या पदवीतील दुरुस्ती कष्टाची. शिवाय उद्या परदेशात सेवापरवान्यासाठी अर्ज करावयाची वेळ आली, तर पासपोर्टशेजारी ठेवून ताडून पाहिले जातात ते पदवी आणि नोंदणी हेच दोन कागद. मात्र आधारमधील नावाची दुरुस्ती आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारखेची एकदाच करता येते. म्हणून ‘होईल नंतर’ म्हणून अर्धवट दुरुस्ती करू नये. पदवी व दहावीचे प्रमाणपत्र यांतच मूलगामी फरक असेल, तर आधी शाळेमार्फत मंडळाच्या अमरावती विभागीय कार्यालयाकडे किंवा विद्यापीठाकडे रीतसर अर्ज करणे, अथवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे, हे मार्ग उपलब्ध आहेत. वेळ जातो, पण एकदाच जातो.

अर्जात ‘दिलेले नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन रकाने असतात. महाराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे स्वतःचे नाव व वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात, हे पदवीवरील त्रिपदी नावाशी उत्तम जुळते. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळे नाव एकाच ठिकाणी लिहिण्याची चूक काहीजण करतात. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्द नाव म्हणून असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्यास प्रारंभ केला, तेव्हा अशा अनेकांची पंचाईत झाली. नावामागे ‘वैद्य’ किंवा ‘डॉक्टर’ ही उपाधी लावण्याचा मोहही टाळावा. पासपोर्टवर उपाधीला स्थान नाही.

आपल्या भगिनींचा प्रश्न याहून नाजूक आहे. पदवी माहेरच्या नावाने, नोंदणी कधी माहेरच्या तर कधी सासरच्या, आधार सासरचे. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, आणि पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्राची सक्तीही २०१६ च्या सुधारणांनंतर राहिलेली नाही. ज्या भगिनी माहेरच्या नावाने व्यवसाय करतात, त्यांनी पासपोर्टही त्याच नावाने काढावा असे मी सुचवीन. सासरचे नाव हवे असेल, तर विवाह नोंदणी करून आधी परिषदेतील नोंदणी बदलून घ्यावी. ‘आपण यापूर्वी अन्य नावाने ओळखले जात होता काय?’ या प्रश्नाचे उत्तर दोन्ही प्रसंगी प्रामाणिकपणे द्यावे. नाव बदललेले असणे हा दोष नव्हे, ते दडविणे हा दोष आहे.

जन्मतारीख : गुरुजींची आणि कोतवालाची

आपल्या पिढीतील खेड्यापाड्यांत जन्मलेल्या मंडळींत १ जून आणि १ जुलै या दोन तारखांना जन्मलेल्यांचे प्रमाण विलक्षण आहे! आई सांगे, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे’, आणि गुरुजी शाळाप्रवेशाचे वय बसेल अशी तारीख घालून मोकळे होत. पुढे ग्रामपंचायतीतून किंवा जुन्या कोतवाल बुकातून उतारा काढला, की निराळीच तारीख निघते.

अशा वेळी कित्येकजण पासपोर्टच्या निमित्ताने ‘खरी’ तारीख दुरुस्त करण्याच्या मागे लागतात. माझ्या मते हे टाळावे. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना जन्माचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच दिले पाहिजे असे बंधन नाही. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पॅन, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, शासकीय सेवेत असल्यास सेवापुस्तकाचा उतारा, अथवा आयुर्विमा पत्र यांपैकी कोणतेही एक चालते. दहावी, पदवी, पॅन व आधार या सर्वांवर गुरुजींचीच तारीख असताना त्याशेजारी निराळ्या तारखेचे नवे जन्म प्रमाणपत्र ठेवणे म्हणजे निरोगी शरीरात व्याधी निर्माण करणे होय.

त्यातही विलंबाने केलेल्या जन्मनोंदींकडे आता विशेष संशयाने पाहिले जाते, हे ध्यानात घ्यावे. २०२५ साली राज्यात अशा नोंदींची मोठ्या प्रमाणावर फेरतपासणी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात आर्णी तालुक्यातील एका लहानशा ग्रामपंचायतीच्या नावावर हजारो बनावट जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. तेव्हा आपल्या जिल्ह्यातील विलंबित जन्म प्रमाणपत्र बारकाईने तपासले जाणार, हे गृहीत धरून चालावे.

याच संदर्भात दोन गोष्टी आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहेत. पहिली, प्रसूतिगृह चालविणाऱ्या सहकाऱ्यांसाठी. १ ऑक्टोबर २०२३ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांना पासपोर्टसाठी जन्म प्रमाणपत्र हाच एकमेव पुरावा मान्य आहे. शाळेचा दाखला वा अन्य काही त्यांच्या कामी येणार नाही. जन्माची खबर एकवीस दिवसांत देण्याची जबाबदारी संस्थेत झालेल्या प्रसूतीच्या बाबतीत आपली आहे, आणि ती खबर आपण बहुधा परिचारिकेवर सोपवितो. तिने घाईत मातेचे माहेरचे नाव लिहिले किंवा पित्याच्या आडनावात एक अक्षर चुकविले, तर त्या बालकाला वीस वर्षांनी परदेशी शिक्षणास जाताना ते निस्तरावे लागेल. म्हणून खबरीचा नमुना भरताना मातापित्यांचे आधार समोर ठेवावे व भरलेला नमुना त्यांना वाचून दाखवावा. बालकाचे नाव नंतर घालावयाचे राहिले असेल, तर पहिल्या वर्षात ते विनाशुल्क व पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. हे पालकांना सांगण्याची तसदी आपण घ्यावी.

दुसरी गोष्ट अप्रिय, पण सांगणे भाग आहे. ओळखीचे रुग्ण ‘डॉक्टर, पासपोर्टसाठी वयाचा दाखला द्या’ म्हणून येतात. वैद्याने दिलेला वयाचा अंदाज हा पासपोर्टच्या मान्य पुराव्यांत कोठेही नाही. तो दाखला रुग्णाच्या उपयोगाचा नाही, आणि त्यावरून काही गैरप्रकार झालाच तर आपली सही मात्र त्यावर राहते. पासपोर्ट अधिनियमाच्या बाराव्या कलमानुसार खोटी माहिती देणे हा गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अशा गुन्ह्यास साहाय्य करणाऱ्यालाही त्याच कलमात स्थान आहे.

पत्ता : मूळ गाव की दवाखान्याचे गाव?

माझी फसगत येथेच झाली होती. पुसदचा वैद्य उमरखेडला, वणीचा मारेगावला, घाटंजीचा पांढरकवड्याला दवाखाना थाटतो. मतदार यादीत नाव मूळ गावी, आधार तेथलेच, आणि मुक्काम भाड्याच्या घरात. अर्जातील ‘सध्याचा पत्ता’ म्हणजे आपण रात्री जेथे झोपतो तो पत्ता. पोलीस तेथेच येणार, आणि तयार पासपोर्ट टपालाने तेथेच येणार. मूळ गाव ‘कायमचा पत्ता’ म्हणून स्वतंत्र रकान्यात लिहिता येते. सध्याच्या पत्त्याचा पुरावा नसल्यास अर्जापूर्वी आधारवरील पत्ता बदलून घेणे हा सर्वांत सरळ उपाय होय. वीजदेयक स्वतःच्या नावे असल्यास तेही चालते, भाडेकरार असल्यास नोंदणीकृत असावा. दवाखान्याचा किंवा औषधालयाचा पत्ता निवासाचा म्हणून देऊ नये, मग वरच्या मजल्यावर दुपारची वामकुक्षी होत असली तरीही.

प्रधानकर्म : अर्ज आणि मुलाखत

पूर्वी छापील अर्ज आणून, झेरॉक्सची चळत जोडून, जिल्ह्याच्या ठिकाणी नाहीतर थेट नागपुरास खेटे घालावे लागत. ‘पासपोर्ट सेवा’ योजनेनंतर सर्व अर्ज संगणकावरून, परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा त्यांच्या मोबाईल ॲपवरून भरावे लागतात. त्याच्यासारखीच दिसणारी बनावट संकेतस्थळे बरीच आहेत व ती जादा पैसे उकळतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ ही अक्षरे असल्याची खात्री करूनच पुढे जावे. सायबर कॅफेच्या चालकाकडून अर्ज भरून घेण्यास हरकत नाही, पण ‘सादर करा’ ही कळ दाबण्यापूर्वी प्रत्येक अक्षर स्वतः वाचावे, आणि भ्रमणध्वनी क्रमांक आपलाच द्यावा, त्या चालकाचा नव्हे. हे हास्यास्पद वाटेल, पण मुलाखतीचा निरोप सायबर कॅफेत पडून राहिल्याचे मी पाहिले आहे.

आपला जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रे उघडण्यात आली आहेत. संकेतस्थळ आपणास उपलब्ध केंद्रांची यादी व प्रत्येकाची नजीकची तारीख दाखविते, त्यातून सोयीचे निवडावे. २०१८ पासून देशातील कोणत्याही कार्यालयात अर्ज करता येतो, त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या मुलाने केवळ पासपोर्टसाठी गावी येण्याचे कारण नाही.

प्रौढांसाठी छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये असून तो दहा वर्षे चालतो. साठ पानीसाठी २००० रुपये. तत्काळ योजनेत २००० रुपये अधिक पडतात. साठ वर्षांवरील ज्येष्ठांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सवलत आहे. तत्काळविषयी मोठा गैरसमज आहे. ती योजना वेळ वाचविते, कागदांतील विसंगती झाकत नाही. उलट तीत अधिक कागद दाखवावे लागत असल्याने विसंगती लवकर उघडी पडते.

दहावीचे प्रमाणपत्र मुलाखतीस अवश्य न्यावे, जन्मतारखेसाठी दुसरा पुरावा दिला असला तरी. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘परदेशगमन तपासणी आवश्यक’ असा शेरा येतो, व आखाती राष्ट्रांसह ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना सरकारची वेगळी अनुमती काढावी लागते. वैद्यांना हा शेरा लागण्याचे कारण नाही, पण औषधालयातील किंवा पंचकर्म विभागातील सेवकाला सोबत परदेशी न्यावयाचे असेल तर मालकांनी हे आधीच पाहून ठेवावे. जिल्हा परिषदेच्या अथवा शासकीय दवाखान्यात असलेल्या सहकाऱ्यांनी आपल्या कार्यालयास आगाऊ सूचनापत्र देऊन त्याची पोच जवळ ठेवावी.

केंद्रावर तीन टप्पे असतात. पहिल्यावर कागद तपासून संगणकात घेतात, छायाचित्र व बोटांचे ठसे घेतात. दुसऱ्यावर मूळ कागद पडताळले जातात, आणि तिसऱ्यावर मंजुरी देणारे अधिकारी बसतात. तिसऱ्या अधिकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला नेमके तेवढेच उत्तर द्यावे. आपली सवय रुग्णाला विस्ताराने समजावून सांगण्याची असल्याने तेथेही प्रवचन सुरू होण्याचा धोका असतो! काही कारणाने तारीख गाठता आली नाही, तर वर्षभरात तीन वेळा ती बदलून घेता येते.

प्रलंबित खटला असल्यास

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. अर्जात विचारले जाते की, आपल्याविरुद्ध भारतातील एखाद्या न्यायालयात फौजदारी कार्यवाही प्रलंबित आहे काय? बहुतेकजण खून-दरोडा डोळ्यांसमोर आणून ‘नाही’वर खूण करतात.

माझ्या परिचयातील एका औषधनिर्मात्याने असेच केले. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांच्या एका चूर्णाचा नमुना अप्रमाणित ठरला होता, आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली तालुक्याच्या न्यायालयात खटला दाखल झालेला होता. तारखा वकील सांभाळीत होते, यांच्या विस्मरणात गेले होते. पोलीस अहवालात खटल्याचा उल्लेख आला, आणि माहिती दडविल्याबद्दल खुलासा मागविणारे पत्र आले. खटला गौण होता, पण ‘नाही’वरची खूण महाग पडली. मुलाच्या दीक्षान्त समारंभास आईवडील दोघांनी जावयाचे ठरले होते. प्रत्यक्षात आई एकटी गेली.

म्हणून लक्षात ठेवावे की औषधांच्या दर्जाविषयीचा खटला, औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ खालील जाहिरातीचा खटला, न वटलेल्या धनादेशाचा १३८ कलमाखालील खटला, व्यवसायाच्या मर्यादेवरून झालेला खटला, हे सर्व फौजदारी कार्यवाहीतच मोडतात. ग्राहक आयोगातील भरपाईची तक्रार किंवा भाऊबंदकीचा दिवाणी दावा त्यात मोडत नाही. केवळ प्रथम माहिती अहवाल नोंदविला गेला असून न्यायालयाने अद्याप दखल घेतलेली नसेल, तर तेवढ्याने कार्यवाही ‘प्रलंबित’ ठरत नाही, असे मंत्रालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. तरीही अशा वेळी वकिलांना विचारूनच खूण करावी.

खटला असला म्हणजे पासपोर्टचे दार बंद झाले, असे मुळीच नाही. ज्या न्यायालयात खटला आहे त्याच न्यायालयाकडे परदेशगमनाच्या अनुमतीचा अर्ज करावा. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालय जेवढ्या मुदतीचा उल्लेख करील तेवढ्या मुदतीचा, आणि मुदत न लिहिल्यास एक वर्षाचा पासपोर्ट मिळतो. म्हणून वकिलांनी अर्जातच मुदतीची विनंती करावी. हे एक वाक्य राहिल्याने दरवर्षी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

पोलीस पडताळणी

केंद्रावरील काम झाल्यावर प्रकरण पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जिल्हा विशेष शाखेमार्फत आपल्या ठाण्याकडे येते. पोलिसांनी पाहावयाचे ते मुख्यत्वे दोनच, नागरिकत्व आणि गुन्हेगारी पूर्ववृत्त. भ्रमणध्वनीवर ठाण्यातून बोलावणे येते. मूळ कागद व छायाप्रती घेऊन सांगितलेल्या वेळी जावे. अर्जात ज्यांची नावे संदर्भ म्हणून दिली, त्या दोन शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी. विचारणा झाल्यावर ‘कोण? ते डॉक्टर होय! ते तर दिवसभर दुसऱ्या गावी असतात’ असे भाबडे उत्तर गेले तर पंचाईत होते. या पडताळणीसाठी अर्जदाराने वेगळे शुल्क भरावयाचे नसते, ते अर्जशुल्कातच अंतर्भूत आहे. अहवाल अपूर्ण वा प्रतिकूल गेलाच तर निराश न होता नागपूरच्या कार्यालयास लेखी खुलासा व पुरावे सादर करून फेरपडताळणी मागावी. मला ती मिळाली होती.

पश्चात्कर्म

पासपोर्ट ‘स्पीड पोस्ट’ने घरी येतो. पाकीट फोडताच पोस्टमनसमोरच नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावे अक्षरशः तपासावीत. आता येणारी पुस्तिका बहुधा ई-पासपोर्ट असते. मुखपृष्ठावर खाली लहानसे सोनेरी चिन्ह असते आणि आत सूक्ष्म चिप असते. १ एप्रिल २०२४ रोजी सुरू झालेल्या प्रायोगिक टप्प्यातच आपल्या नागपूर कार्यालयाचा समावेश होता, आणि कोऱ्या पुस्तिका छापल्या जातात त्या नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात. ही पुस्तिका दुमडू नये, तिला टाचणी लावू नये, व प्लास्टिकच्या आवरणात उष्ण यंत्राने बंद करू नये.

ज्यांना परदेशात व्यवसाय वा अध्यापन करावयाचे आहे, त्यांनी हे समजून घ्यावे की पासपोर्टने सीमा ओलांडता येते, चिकित्सेचा अधिकार मिळत नाही. दुबईसारख्या ठिकाणी आयुर्वेद व्यवसायासाठी तेथील आरोग्य प्राधिकरणाचा स्वतंत्र परवाना लागतो, युरोपातील बहुतेक देशांत आपली पदवी वैद्यकीय पदवी म्हणून गणली जात नाही. पदवी साक्षांकित करून घ्यावी लागते. २००५ पासून भारत ‘अपोस्टिल’ करारात सामील असल्याने करारातील देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाची एक मोहोर पुरते, तर संयुक्त अरब अमिरातीसाठी त्यांच्या दूतावासाचीही लागते. या प्रत्येक टप्प्यावर पासपोर्टवरील नाव आणि पदवीवरील नाव शेजारी ठेवून पाहिले जाते. आरंभी सांगितलेल्या त्या तक्त्याचे महत्त्व तेथे पुन्हा कळते.

शेवटी सामानाविषयी, कारण हा प्रश्न मला हटकून विचारला जातो. स्वतःसाठी किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी औषधे न्यावयाची असल्यास ती मूळ वेष्टनात, घटकांच्या छापील यादीसह व आपल्या चिठ्ठीसह, आणि थोडक्या प्रमाणात न्यावीत. पारद, नाग, सोमल असलेले रसकल्प परदेशी नेऊ नयेत. अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली आलेल्या शोधनिबंधात बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या सत्तर आयुर्वेदीय उत्पादनांपैकी चौदांत जड धातू आढळल्याचे नमूद झाले, तेव्हापासून या कल्पांकडे तेथे कठोर नजरेने पाहिले जाते. कुठ, जटामांसी व रक्तचंदन ही द्रव्ये आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या सूचीत आहेत, विजया व अहिफेनयुक्त कल्पांचा तर विचारही करू नये. आणि बाळंतिणीच्या लाडवांसाठी म्हणून आखातात खसखस नेऊ नये. तेथे ती प्रतिबंधित आहे. डिंक, सुंठ, खारीक खुशाल न्यावे.